आधीचे, नंतरचे आणि ‘हॅड’

इंग्रजी शिकविणाऱ्या आम्हा मंडळींच्या पोतडीत काही नियम असे असतात, की ते कोठून आले हे कोणी विचारीत नाही आणि ते खरे आहेत काय अशी शंकाही कोणास येत नाही. ‘भूतकाळातील दोन क्रिया एका वाक्यात आल्या, तर आधी घडलेली क्रिया पूर्ण भूतकाळात व नंतर घडलेली साध्या भूतकाळात घालावी’ हा त्यांपैकी एक. मी तो विद्यार्थीदशेत पाठ केला, पदवी घेऊन शाळेत रुजू झाल्यावर फळ्यावर लिहिला, आणि पुढे पंचवीसएक वर्षे दरवर्षी लिहीत आलो. त्या नियमाविरुद्ध आज काही लिहावयाचे आहे. म्हणून प्रथम माझ्याच हातून घडलेला प्रमाद सांगणे उचित होईल.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गास ‘न विसरता येणारा दिवस’ या विषयावर इंग्रजी निबंध लिहावयास दिला होता. एका मुलाने आपल्या आजोबांच्या मृत्यूविषयी लिहिले. त्यात एक वाक्य होते : ‘व्हेन वी रीच्ड द हॉस्पिटल, माय ग्रँडफादर डाइड.’ वाक्यात क्रिया दोन, दोन्ही भूतकाळातील, आणि ‘हॅड’ मात्र कोठेच नाही. माझ्या तांबड्या लेखणीने क्षणाचाही विलंब न लावता ‘डाइड’च्या आधी ‘हॅड’ घातले आणि समासात ‘काळ चुकला’ असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी मुलगा वही घेऊन माझ्या खोलीत आला. वाद घालणाऱ्यांपैकी तो नव्हे. तो इतकेच म्हणाला, “सर, आम्ही पोचलो तेव्हा आजोबा होते. आमच्याशी बोलले. मग गेले.”

मी घातलेल्या त्या एका शब्दाने नातवाची आजोबांशी झालेली अखेरची भेट पुसून टाकली होती. त्या मुलाचे वाक्य सुबक नव्हते, हे खरे. ते वाचताना पोचणे आणि मरणे जणू एकाच क्षणी घडले असा भास होतो. परंतु ते खोटे नव्हते. माझे वाक्य सुबक होते आणि खोटे होते. त्या दिवसापासून हा नियम मी नव्याने तपासू लागलो.

आपल्याकडील शाळांतून इंग्रजी व्याकरणाचा जो ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानला गेला तो रेन आणि मार्टिन यांचा. त्यातील या प्रकरणाचे विवेचन लक्षपूर्वक वाचले, तर कोणती क्रिया आधीची हे दाखविण्याची आवश्यकता पडते तेव्हा पूर्ण भूतकाळ योजावा, असा त्याचा आशय आहे. ‘आवश्यकता पडते तेव्हा’ ही मर्यादा महत्त्वाची होती. ग्रंथातून फळ्यावर आणि फळ्यावरून वहीत येता येता ती गळून पडली आणि ‘दोन क्रिया, एक हॅड’ एवढेच गणित शिल्लक राहिले. दोष ग्रंथकारांपेक्षा आम्हा शिक्षकांकडे अधिक जातो.

येथे एक गंमतीची गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. या जोडीतील पी. सी. रेन हे हिंदुस्थानच्या शिक्षणखात्यात काही वर्षे नोकरीस होते आणि पुढे ते कादंबरीकार म्हणून गाजले. ‘बो जेस्ट’ ही त्यांची १९२४ ची कादंबरी. तिचा आरंभ होतो तो शेवटाजवळून. वाळवंटातील एका किल्ल्याच्या तटावर बंदुका रोखून उभे असलेले शिपाई दिसतात, आणि ते सारे मृत आहेत असे आढळते. हे कसे झाले, याचे उत्तर देण्यासाठी कथा अनेक वर्षे मागे जाते आणि तीन भावांच्या बालपणापासून सांगितली जाते. म्हणजे आधीचे सारे नंतर येते. आमच्या वर्गातील नियम खरा असता, तर पुढील जवळजवळ संपूर्ण कादंबरीत पानोपानी ‘हॅड’ ‘हॅड’ असा घोष चालला असता. तसे काही होत नाही. निवेदक एकदा मागे जाऊन उभा राहिला, की तेथून साध्या भूतकाळातच पुढे चालू लागतो. व्याकरणकार रेन यांचा नियम आम्ही कसा वाचावयास हवा होता, हे कादंबरीकार रेन यांनी दाखवून ठेवले होते. परंतु आमच्या शाळांत व्याकरण वाचले गेले, कादंबरी नाही.

मग ‘हॅड’ करते तरी काय? हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात काळांचा जो उलगडा केला, तो शिक्षकाच्या फार उपयोगी आहे. त्याच्या मते काळ समजण्यास तीन बिंदू लागतात. एक, क्रिया घडली तो क्षण. दुसरा, आपण बोलत आहोत तो क्षण. आणि तिसरा, ज्या क्षणी उभे राहून आपण त्या क्रियेकडे पाहतो तो. आमच्या नियमात पहिले दोनच बिंदू आहेत. तिसऱ्याचा पत्ता नाही, आणि सारी गोम त्या तिसऱ्यात आहे. साध्या भूतकाळात आपण क्रियेच्या जागीच उभे असतो. पूर्ण भूतकाळात आपण भूतकाळातील एका क्षणी उभे राहतो आणि तेथून आणखी मागे वळून पाहतो. दोन क्रियांत आधीची कोणती, हा प्रश्नच नव्हे. सांगणारा उभा कोठे आहे, हा प्रश्न आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. लहान मुलाचे बोट कापले आणि तो आईकडे धावला. इंग्रजीत ‘ही कट हिज फिंगर अँड रॅन टु हिज मदर.’ बोट आधी कापले, तरी ‘हॅड’ नाही. कारण घडले त्याच क्रमाने सांगितले आहे आणि क्रम वाक्याच्या रचनेतच आहे. आता आपण आईच्या जागी उभे राहू. ‘ही रॅन टु हिज मदर. ही हॅड कट हिज फिंगर.’ मूल धावत आले, आणि मग आईने पाहिले तो बोट कापलेले. येथे ‘हॅड’ हवेच. कारण सांगणे उलट दिशेने वळले. घटना त्याच, त्यांचा क्रमही तोच. बदलली ती उभे राहण्याची जागा.

हीच गोष्ट आमच्या इंदूरच्या मुलांस परिचयाच्या इतिहासातून अधिक स्पष्ट करता येते. खंडेराव होळकर १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. मल्हारराव १७६६ मध्ये वारले. मालेराव १७६७ मध्ये गेले आणि त्याच वर्षी अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला. हा मजकूर इंग्रजीत याच क्रमाने लिहिला, तर चारही क्रियापदे साध्या भूतकाळात येतील आणि त्यांत काडीचीही चूक होणार नाही. कारण सालेच क्रम सांगत आहेत. पुष्कळ विद्यार्थी, आणि शिक्षकही, यांतील पहिल्या तीन वाक्यांत ‘हॅड’ घालतात. त्याने व्याकरणाचे पांग फिटत नाहीत. वाचणारा मात्र प्रत्येक वाक्याशी ‘कशाच्या आधी?’ म्हणून थबकतो.

परंतु समजा, लेखकाने आरंभच १७६७ पासून केला. त्या वर्षी अहिल्याबाईंनी राज्याची सूत्रे हाती घेतली, आणि तोपर्यंत पती, सासरे व पुत्र हे तिघेही गेलेले होते. येथे ‘हॅड डाइड’ अपरिहार्य आहे. आणि ते केवळ तीन मृत्यू आधी झाले हे सांगण्यासाठी नाही; ते एवढ्याचसाठी असते, तर साले देऊन भागले असते. त्या ‘हॅड’मुळे तीन निरनिराळ्या वर्षांतील तीन मृत्यू एका क्षणात गोळा होतात आणि त्या क्षणी गादीपाशी एकटी उभी असलेली स्त्री दिसू लागते. पहिल्या रीतीने वंशावळ सांगितली गेली; दुसऱ्या रीतीने एक स्थिती सांगितली गेली. या दोन रीतींतून एक निवडणे हे लेखकाचे काम आहे. आम्ही ते गाळलेल्या जागा भरण्याचे काम करून टाकले.

गाळलेल्या जागांचा विषय निघालाच आहे, तर त्या सुप्रसिद्ध रोग्याचा उल्लेख करणे प्राप्त आहे. डॉक्टर येण्यापूर्वी हा रोगी आमच्या प्रत्येक वर्गात, प्रत्येक वर्षी मरत आला आहे. ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.’ हे वाक्य चुकीचे नाही. परंतु येथे ‘हॅड’ नसले तरी काही बिघडत नाही; ‘बिफोर’ या शब्दानेच आधीचे-नंतरचे सांगून टाकले आहे. ‘आफ्टर’चेही तेच. जेथे क्रम दाखविणारा शब्द वाक्यात उभा आहे तेथे ‘हॅड’ पाहुण्यासारखे आहे. आले तर बसवावे, न आले तर बोलावण्याचे कारण नाही. या वाक्यात साधे ‘डाइड’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापणे हा अन्याय होय. तो मी वर्षानुवर्षे केला आहे.

आणि आता नियमाची खरी परीक्षा. डॉक्टर आले, मी त्यांना काही विचारू लागलो, आणि माझा प्रश्न पुरा होण्याच्या आतच ते निघून गेले. इंग्रज हे असे सांगेल : ‘द डॉक्टर लेफ्ट बिफोर आय हॅड फिनिश्ड माय क्वेश्चन.’ आधी घडले ते डॉक्टरांचे जाणे, आणि ते साध्या भूतकाळात आहे. प्रश्न पुरा होणे हे नंतरचे. किंबहुना ते घडलेच नाही, आणि ‘हॅड’ त्यालाच लागले आहे. नियम येथे शब्दशः पालथा झाला. हे वाक्य अपवादात्मक नाही. या घडणीची वाक्ये इंग्रजीत नित्य लिहिली-बोलली जातात. ‘आधीचे ते हॅड’ असे मानणाऱ्यास त्याचा उलगडा होणे कठीण. उभे राहण्याची जागा आणि क्रियेची पूर्तता यांचा विचार करणाऱ्यास काही अडचण नाही : डॉक्टर गेले त्या क्षणी उभे राहून पाहिले, तर प्रश्नाची पूर्तता झालेली नव्हती.

‘व्हेन’ मात्र खरोखर अवघड शब्द आहे. तो स्वतः क्रम सांगत नाही, म्हणून सारा भार क्रियापदावर पडतो. आम्ही पोचलो तेव्हा शिपायाने फाटक उघडले, शिपाई फाटक उघडीत होता, शिपायाने फाटक उघडले होते, या तीन निरनिराळ्या हकिकती आहेत. पहिलीत त्याने आम्हांस पाहून उघडले, दुसरीत उघडता उघडता आम्ही पोचलो, तिसरीत ते आधीच उघडे होते. इंग्रजीतही अनुक्रमे साधा, अपूर्ण आणि पूर्ण असे तीन भूतकाळ येथे येतील व तिन्ही शुद्ध असतील. कोणता घ्यावा हे व्याकरण सांगू शकत नाही. शिपायाने काय केले हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ते सांगता येईल. मुलाच्या निबंधात मी नेमके हेच विसरलो. रुग्णालयात तो होता, मी नव्हतो.

आता आपल्या भाषेकडे वळू. कारण आमच्या मुलांच्या इंग्रजीत ‘हॅड’चा जो सुकाळ दिसतो, त्याचे सारे खापर नियमावर फोडता येत नाही. ‘काल मी उज्जैनला गेलो होतो’ हे वाक्य मराठीत सर्वथा स्वाभाविक आहे. हिंदीत ‘गया था’ असेच म्हणतात. म्हणजे इंदुरातील मुलास घरात आणि रस्त्यावर दोन्हीकडून हीच सवय लागते. तो इंग्रजीत ‘आय हॅड गॉन टु उज्जैन येस्टर्डे’ असे लिहितो आणि थांबतो. इंग्रज वाचक मात्र थांबत नाही. तो पुढल्या वाक्याची वाट पाहतो. गेला होता, आणि मग? गेला होता, तेवढ्यात काय झाले? ते वाक्य कधीच येत नाही. त्याच्या भाषेत येथे ‘वेंट’ एवढेच हवे होते.

आपल्या ‘होतो’चे काम निराळे आहे. ‘काल मी उज्जैनला गेलो’ असे म्हटले, तर ऐकणारा म्हणतो, “बरं, मग?” कारण ‘गेलो’ने गोष्ट सुरू झाली. ‘गेलो होतो’ म्हटले, की ती मिटली. माणूस जाऊन परत आला, आणि आता आपल्यासमोर बसून सांगत आहे. ‘मी दार लावले होते’ असे गृहिणी म्हणते तेव्हा दार आता उघडे आहे, हे न सांगता कळते. म्हणजे मराठीच्या पूर्ण भूतकाळासही उभे राहण्याची जागा आहे. पण पुष्कळदा ती वर्तमानातील असते. इंग्रजीची ती भूतकाळातच असावी लागते. ‘आम्ही पोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ अशा वाक्यात दोन्ही भाषांच्या जागा एक होतात आणि भाषांतर विनासायास जमते. त्यामुळे ते सर्वत्र जमेल असा आपला समज होतो. दोन्ही भाषांतील रूपांस ‘पूर्ण भूतकाळ’ हे एकच नाव देऊन आपण तो समज पक्का करून ठेवला आहे. सारखे नाव असलेल्या दोन माणसांची पत्रे एकमेकांच्या घरी पडावीत, तसा हा प्रकार होतो.

उलट, क्रम सांगण्याचे आपले जे खरे साधन आहे ते ‘ऊन’ प्रत्ययाचे. स्नान करून, पूजा आटोपून, दोन घास खाऊन आजोबा बाहेर पडले. एका क्रियापदाच्या खुंटीस आपण वाटेल तेवढ्या क्रिया टांगतो. मुले याचे इंग्रजी करताना ‘आफ्टर हॅविंग’ची माळ ओवतात, आणि वाक्य सरकारी पंचनाम्यासारखे दिसू लागते. इंग्रजी तेथे साधी क्रियापदे एकापुढे एक ठेवून ‘अँड’ने मोकळी होते. आमच्या शिक्षकांस हे बाळबोध वाटते आणि ते ‘हॅविंग’वाल्या विद्यार्थ्यास अधिक गुण देतात. हा निवळ आमच्या अभिरुचीचा दोष.

‘हॅड’ कोठे घ्यावे याइतकेच ते कोठे सोडावे हेही कळावे लागते. याचे शिक्षण व्याकरणातून नव्हे, वाचनातून मिळते. जॉर्ज एलियट यांची ‘सायलस मार्नर’ (१८६१) आमच्या पिढीतील अनेकांनी वाचली असेल. तिच्या पहिल्या प्रकरणात विणकर सायलस राव्हेलो गावात कित्येक वर्षे राहिलेला असा आपल्यापुढे येतो. मग लेखिका त्याच्या पूर्वायुष्याकडे वळते. वळणाच्या ठिकाणी ‘हॅड’ येते. वाचकास हात धरून मागे नेले जाते. पण एकदा त्या जुन्या गावात पोचलो, की ‘हॅड’ विरत जाते. मित्राचा विश्वासघात, चोरीचा आळ, चिठ्ठ्या टाकून दिलेला निवाडा, हे सारे साध्या भूतकाळात, डोळ्यांपुढे घडत असल्यासारखे येते. शाळेतील नियम लावून हे प्रकरण तपासले, तर लेखिकेचे अर्धे गुण जातील. आणि लेखिकेने नियम पाळला असता, तर त्या निवाड्याची धग आपल्यापर्यंत पोचली नसती.

भाषांतर करणाऱ्या अकादमीच्या सभासदांस याची अडचण वारंवार येत असणार. मराठी कथेतील प्रत्येक ‘होता’पुढे ‘हॅड’ ठेवणारी भाषांतरे माझ्या पाहण्यात आली आहेत. त्यांत कथा पुढे जातच नाही. सदैव पाठमोरी उभी असते. याउलट इंग्रजीतून मराठीत आणताना वळणावरचा तो एकुलता एक ‘हॅड’ गाळला, तर वाचक वर्तमानात आहे की पूर्वायुष्यात, हे त्यास दोन पाने कळत नाही. दोन्हीकडे शब्द मोजण्यापेक्षा वळण ओळखणे अधिक महत्त्वाचे.

परीक्षकांनी काय करावे, याविषयी माझी सूचना लहानशी आहे. काळाची निवड विचारावयाची तर सुटे वाक्य देऊ नये. पाचसहा वाक्यांचा उतारा द्यावा, म्हणजे विद्यार्थ्यास उभे राहावयास जागा मिळेल. आणि जेथे दोन उत्तरे शुद्ध असतील तेथे दोन्हींस पूर्ण गुण द्यावेत. यास वेळ अधिक लागतो व तपासणीत एकसूत्रीपणा राहत नाही, असा आक्षेप सहशिक्षक घेतात. तो खरा आहे. परंतु खोटा एकसूत्रीपणा सांभाळण्यासाठी शुद्ध वाक्यांस तांबडी रेघ मारावी, हे मला आता पटत नाही.

त्या मुलाच्या वहीतील माझे ‘हॅड’ मी त्याच्यासमोर खोडले, शेरा खोडला, आणि गुण परत दिले. मग त्याला म्हणालो, जसे घडले तसे एकामागून एक लिही. त्याने माझ्या टेबलाशी उभे राहूनच लिहिले. आम्ही रुग्णालयात पोचलो. आजोबांनी डोळे उघडले. ते माझ्याशी बोलले. अर्ध्या तासाने ते गेले. सारी क्रियापदे साधी, आणि एकही चुकलेले नाही. एवढे लिहून तो थोडा थांबला, आणि मी काही न सुचविता त्याने खाली आणखी एक वाक्य घातले : ‘माय फादर हॅड नॉट यट कम फ्रॉम रतलाम.’